आधी अंदाज सांगा

आमच्या घरमालकीण काकूंचा आवाज लूमच्या वर चढवलेला होता, आणि तो खाली कसा उतरवायचा हे खुद्द काकूंनाही ठाऊक नव्हतं. सुरतेत गोडादऱ्यात त्यांचं घर. खाली काकांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, वर गॅलरीला लागून ओळीने आम्हा भाडेकऱ्यांच्या खोल्या, आणि सगळ्यात वर गच्ची. लूम दिवसभर खडाखडा चालायचे. मांडणीवरची भांडी आपोआप कडेला सरकायची, आणि माय येता-जाता ती हाताने मागे ढकलायची. त्या गोंगाटात कुणाला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागे. काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून ओरडत होत्या. आठवड्यातून एक दिवस मात्र लूमचा लाइट बंद असायचा. अख्खी गल्ली गपगार. आणि त्या शांततेत काकू तेवढ्याच जोरात काकांना विचारायच्या, "चहा घेणार का?" समोरच्या गल्लीतूनसुद्धा दोघंतिघं 'हो' म्हणायचे.

या बाईने आम्हाला गणित शिकवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही तर मुळीच मागितलं नव्हतं. त्या घरात खोली घ्यायची तर दोन अटी होत्या. नळावर भांडायचं नाही, आणि पोरांना संध्याकाळी गृहपाठ घेऊन गच्चीवर पाठवायचं. खोली बघायला गेलो तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भीत भीत विचारलं, "ताई, ट्यूशनचं काय घ्याल?"

"मी काय इथे दुकान उघडलंय?" काकू ओरडल्या. विषय संपला.

त्या धुळ्याच्या कॉलेजात सायन्सला होत्या. पहिलं वर्ष झालं आणि लग्न झालं, एवढंच आम्हाला माहीत होतं. पदर खोचलेला, केसांत पेन्सिल, काखेत पाटी. पेन्सिल केसांत ठेवून तीच पेन्सिल घरभर शोधायच्या, आणि आम्ही कुणी सांगायचो नाही. तेवढाच अभ्यास उशिरा सुरू व्हायचा.

मी तेव्हा सातवीत होते. आमची महापालिकेची मराठी शाळा सातवीपर्यंतच. आठवीला जायचं तर लांबच्या हायस्कूलात, रेल्वेचं फाटक ओलांडून. आमच्या गॅलरीतल्या माझ्या आधीच्या मुली सातवी झाल्यावर घरी बसल्या होत्या. घरी बसल्या म्हणजे रिकाम्या नाही हं. साड्यांवर चमकीच्या टिक्या चिकटवत बसल्या होत्या. बाजारातून साड्यांचे गठ्ठे यायचे, सोबत टिक्यांची पाकिटं आणि डिंकासारखं ते उग्र वासाचं काहीतरी यायचं, आणि दिवसभर मान खाली घालून एकेक टिकी लावायची. माय तेच करायची. तिला आताशा सुई ओवता येत नव्हती. आप्पा पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये, सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी सातनंतर हाताला रंग लागलेले परत यायचे. मी आठवीत जाणार की मायच्या शेजारी टिक्या लावत बसणार, हा त्या वर्षी आमच्या घरातला एकच प्रश्न होता. तो कुणी तोंडाने काढत नव्हतं. मला तर जायचं होतं! असं जायचं होतं की फाटकापलीकडून कुणी पाहुणा आला तरी मी त्याला हायस्कूल कुठल्या अंगाला आहे ते विचारायची.

तर काकू. त्यांचा पहिला नियम असा, की उत्तर काढायच्या आधी अंदाज सांगायचा. मोठ्याने. आपलं चुकेल म्हणून जो गप्प बसेल त्याला त्या गच्चीच्या कठड्याशी उभं करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा अंदाज सांगायला लावायच्या. अंदाज चुकला तर काही म्हणायच्या नाहीत. अंदाज न सांगता उत्तर बरोबर आणलं तर मात्र पाटी पुसून टाकायच्या.

"बरोबर आहे ना काकू!" आम्ही कळवळायचो.

"असेल. पण तुला कुठे माहीत होतं? तुला लागलं ते. रस्त्यात पाय आपटला आणि खाली रुपया दिसला, त्याला काय कमाई म्हणतात?"

दशांशाच्या भागाकारात हा नियम आम्हाला पटला, तो एका साडीमुळे. गणित सोपं होतं. अमुक इतके ताके, प्रत्येकात इतके मीटर, एवढ्या साड्या काढल्या तर एक साडी किती मीटरची? आमच्यातल्या एका मुलाने मन लावून भागाकार केला आणि उत्तर आणलं, पंचावन्न मीटर. अंदाज त्याने सांगितला नव्हता. काकूंनी पाटी बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि जिना उतरल्या. खालून कोऱ्या कापडाचा अख्खा ताका खांद्यावर टाकून वर आल्या.

"ऊठ. नेस."

"काकू?"

"पंचावन्न मीटरची साडी नेसून दाखव. निऱ्या घाल. घाल ना!"

पोराला गुंडाळलं हो त्यांनी. गोल गोल फिरवत, आम्हा सगळ्यांना धरायला लावून. शेवटी त्याचं नुसतं नाक बाहेर राहिलं, आणि ताका तरी अजून उरलेलाच. काका खालून वर आले, आपला माल कुणाच्या अंगावर आहे ते पाहिलं आणि हाताने 'चालू द्या' अशी खूण करून परत गेले. काका लूमच्या गोंगाटात आयुष्यभर हाताच्या खुणांनीच बोलत आले होते. त्या घरातला सगळा आवाज काकूंच्या वाट्याला आला होता.

आतून त्या मुलाचा आवाज आला, "साडेपाच! साडेपाच मीटर! पॉइंट राहिला!"

"अंदाज आधी सांगितला असता तर उकाडा झाला नसता," काकू म्हणाल्या आणि त्याला सोडवू लागल्या.

पण तो 'साडे' पुढे फार नडला. आणि नडला तो माझ्यामुळे. काकूंनी एकदा पाटीवर लिहायला सांगितलं, "दीड." मी झटकन लिहिलं, एक, पॉइंट, तीस. मला वाटलं आता शाबासकी. काकूंनी पाटी उचलली आणि डोळे बारीक केले.

"हे काय?"

"दीड."

"अडीच लिही."

मी लिहिलं, दोन, पॉइंट, तीस. सव्वाचार लिही म्हणाल्या, मी चार पॉइंट पंधरा लिहिलं. त्यांनी सगळ्यांच्या पाट्या मागवल्या. एकजात सगळ्यांनी तेच लिहिलेलं. बरं, कुणी कुणाचं बघून नाही!

काकू मटकन खाली बसल्या. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्या रागावल्याच नाहीत. स्वतःशीच म्हणाल्या, म्हणजे अर्थात सगळ्यांना ऐकू गेलं, "घड्याळ! मेलं घड्याळ शिकवतंय यांना."

आणि खरंच होतं. आमच्या घरांत आकडे होते कुठे? एका घड्याळात. कुणाचा बाप सातच्या पाळीला, कुणाचा काका अमक्याच्या, डबा साडेसहाला, नळ पावणेपाचला. साडेसहा म्हणजे घड्याळात सहा-तीस. मग पाटीवर साडेसहा म्हणजे सहा पॉइंट तीस, यात न कळण्यासारखं काय आहे? आम्ही पोरं डोकं लावूनच चुकत होतो. मी आजही म्हणेन, त्या चुकीत अक्कल होती.

काकूंनी दुसऱ्या दिवशी घड्याळाविरुद्ध युद्ध पुकारलं. लूमच्या खोलीतलं मोठं घड्याळ, ज्यावर पाळी सुटायची आणि लागायची, ते भिंतीवरून काढून गच्चीवर आणलं. काचेवर कागद चिकटवला आणि त्यावर साठाऐवजी शंभर घरं आखली. "घड्याळाच्या गावात तासाचे साठ तुकडे करतात. पॉइंटच्या गावात एकाचे दहा करतात, मग त्या दहातल्या एकेकाचे पुन्हा दहा. पाहुण्याला पाहुण्यासारखं राहू द्या, घरात घेऊ नका." खाली पाळी सुटायची वेळ झाली, कुणाला कळेना. एक गडी जिन्यातून वर डोकावला आणि विचारू लागला, "भाभी, टाइम क्या हुआ?" काकूंनी कागदावर बघून सांगितलं, "सहा पॉइंट आठ." तो बिचारा खाली गेला आणि अजून काही वेळ काम करत राहिला.

त्यापुढे त्या घराच्या आवारात दीड, अडीच, साडे, पावणे हे शब्द बंद. घरभाडं द्यायला आलेल्या माणसालासुद्धा सूट नाही. दूधवाला सकाळी आला की काकू वरून ओरडायच्या, "एक पॉइंट पाच लिटर!" तो गुजराती माणूस, बरीच वर्षं इथे दूध घालणारा. मान वर करून म्हणायचा, "बेन, दोढ बोलो ने! आ शुं नवुं?"

"एक पॉइंट पाच!"

"हा हा, दोढ," म्हणायचा आणि दीड लिटर ओतून निघून जायचा. त्याचं कधी एक थेंबही चुकलं नाही, हे आम्ही काकूंच्या नजरेला आणून दिलं, तर म्हणाल्या, "त्याला परीक्षा नाहीये."

आमच्यातलं कुणी फार पुढेपुढे करायला लागलं की पूर्वी त्या 'दीडशहाणी' म्हणायच्या. आता तेही बंद झालं. मला अख्ख्या गच्चीसमोर म्हणाल्या, "गप ए, एक पॉइंट पाच शहाणे!" मला त्याचा राग आला नाही. मला वाटलं, बढतीच मिळाली.

माझं तीस जायला मात्र बरेच दिवस लागले. हात लिहून जायचा आणि मग डोकं ओरडायचं. काकू रोज जिन्यात, नळावर, कुठेही अडवायच्या, "पावणेदोन?" आणि मी म्हणायची, "एक पॉइंट पंचाहत्तर." भाजीवाल्यासमोर, पाव्हण्यांसमोर, एकदा तर मी आजारी होते तर कपाळावर हात ठेवून ताप बघायच्याऐवजी त्यांनी मला साडेअठ्ठ्याण्णव लिहून दाखव म्हटलं. मायने पांघरूण माझ्या डोक्यावरून ओढलं आणि काकूंकडे नुसतं बघितलं. माय कमी बोलायची. इतकी कमी, की आमच्या गॅलरीत तिला कुणी विचारायचंच नाही. जे काय ते आप्पांना विचारायचं.

पुस्तकाच्या शेवटी संभाव्यतेचा धडा असायचा वरच्या वर्गांना. शाळेत तो कधी शिकवून व्हायचा नाही, तिथपर्यंत पोचायच्या आत परीक्षा यायची. काकूंचा तो सगळ्यात लाडका. आम्ही लहान होतो तरी त्यांनी तो आम्हाला शिकवला, आणि शिकवला म्हणजे दिवसभर विचारत राहिल्या. नळाला आज पाणी यायची शक्यता किती? शून्य ते एकमध्ये सांगायचं. एकाहून जास्त काही नसतं. 'शंभर टक्के' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, कुणी 'नक्की' म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. "नक्की म्हणजे एक. एक म्हणायला छाती लागते. सूर्य उगवेल, एक. आमचे हे चहाला हो म्हणतील, एक. बाकी सगळं त्याच्या खाली."

त्यासाठी त्यांची एक कापडी पिशवी होती. आत रिकाम्या बॉबिन, प्रत्येकीवर थोडा थोडा रंगीत दोरा उरलेला. लाल, पिवळा, हिरवा. डोळे मिटून हात घालायचा आणि एक काढायची. एकदा एका मुलीने काढली, लाल निघाली. काकू म्हणाल्या, "पिशवीत काय काय आहे सांग."

"लाल बॉबिन."

"अजून?"

"लालच असतील सगळ्या."

काकूंनी पिशवी तिच्या हातात दिली. "काढ. परत टाक. परत काढ. मी थांब म्हणेपर्यंत काढ." ती काढत राहिली. पिवळी, लाल, हिरवी, पिवळी. आम्ही आधी हसत होतो, मग कंटाळलो, मग पिशवीत नेमकं किती काय असेल याच्या पैजा लावायला लागलो. दिवेलागण झाली. काकू उठल्या, पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाल्या, "एकदा हात घालून पिशवी कळत नाही. एकदा हात घालून जो उत्तर लिहील त्याला मी गच्चीवरून खाली सोडून देईन." एवढं म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की आमच्यातलं कुणी हसलं नाही. एका बॉबिनवरून एवढं काय पेटायचं, हे आम्हाला कळलं नाही.

सातवीचा निकाल लागला. गणितात मी वर्गात पहिली. दशांशाची सगळी गणितं बरोबर, एकही तीस नाही. आप्पांनी गॅलरीत घरोघर पेढे वाटले, काकांच्या गड्यांनासुद्धा दिले. एवढा आनंद! आणि त्या आनंदात पुढच्या शाळेचं नाव नाही. पेढे खाणारे विचारायचे, "मग आता?" आप्पा म्हणायचे, "बघू." मला तो 'बघू' ऐकून रडू यायचं. नळाखाली भांडी घासता घासता मी रडून घ्यायची. तेवढीच जागा होती आमच्याकडे.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आप्पांच्या घराण्यात मोठं काही ठरवायचं झालं की देवीपुढे चिठ्ठ्या टाकत. गाव सोडून नाशिकला जायचं की सुरतला, हेसुद्धा चिठ्ठीनेच ठरलं होतं. सुरत निघालं, म्हणून आम्ही सुरतेत. आप्पांना कुणाला नाही म्हणता येत नसे आणि मनातलं हो म्हणायचंही धाडस होत नसे. देवी त्यांच्या वतीने बोलायची.

लूमचा लाइट बंद असायचा तो दिवस. आप्पांनाही सुट्टी होती. सकाळी अंघोळ करून त्यांनी देवीच्या तसबिरीला हार घातला, निरांजन लावलं, ताम्हनात तांदूळ घातले. वहीच्या कागदाचे दोन सारखे तुकडे केले. एकावर 'शाळा' लिहिलं, एकावर 'घर'. दोन्हींच्या गोळ्या केल्या आणि ताम्हनात टाकल्या. मी दाराशी उभी होते. आप्पांनी मायला बोलावलं. चिठ्ठी घरच्या बाईने काढायची, अशी रीत.

तेवढ्यात काकू टाकीत पाणी चढलंय का बघायला वर निघाल्या होत्या. उघड्या दारातून त्यांना ताम्हन दिसलं. त्या थांबल्या.

"काय चाललंय, भाऊ?"

"काही नाही, ताई. पोरीचं पुढे काय करायचं ते देवीला विचारतोय."

काकू आत आल्या. पदर डोक्यावरून घेतला, देवीला नमस्कार केला. मग ताम्हनात वाकून बघितलं.

"किती चिठ्ठ्या?"

"दोनच."

"म्हणजे शून्य पॉइंट पाच." माझ्याकडे वळल्या. "काय गं, बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"भाऊ, आधी अंदाज सांगा."

"कशाचा?"

"देवी काय म्हणेल त्याचा. माझ्या घरात अंदाज सांगितल्याशिवाय कुणी उत्तर काढत नाही."

आप्पा खोटं बोलणारे नव्हते. तसबिरीकडे बघून म्हणाले, "घर म्हणेल, ताई."

"दोन सारख्या चिठ्ठ्या. घरच का?"

"तिला सगळं दिसतं ना. ते फाटक दिसतं. एकटी पोर कशी जाईल ते दिसतं. हिच्या मायचे डोळे गेलेत टिक्या लावून, हाताखाली कुणी पाहिजे, तेही दिसतं."

"हे तिला दिसतंय की तुम्हाला?"

आप्पांनी ताम्हन मायपुढे सरकवलं. मायला म्हणाले, "काढ."

मायने डोळे मिटले, तांदळात बोटं घातली आणि एक गोळी काढून आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी उघडली. 'घर.'

संपलं. ती फाटकापलीकडची शाळा, तिचा मी न पाहिलेला फळा, सगळं संपलं. आप्पांनी सुस्कारा सोडला, चिठ्ठी कपाळाला लावली. "झालं. देवीची इच्छा."

"झालं काय?" काकूंचा आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला. लूम बंद, त्यामुळे तर समोरच्या गल्लीतही गेला असेल. "टाका ती परत आत. पुन्हा काढा."

"ताई, देवाला दोनदा विचारत नाहीत."

"का? तिला राग येतो?"

"येतो."

"माझ्यावर येऊ दे. घर माझं आहे. इथे एकदा हात घालून कुणी उत्तर लिहीत नाही. काढा म्हणते ना!"

भाडेकरू माणूस, घरमालकिणीपुढे काय बोलणार? आप्पांनी गोळी परत तांदळात टाकली. मायने पुन्हा काढली. 'घर'! दारात आता शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यातली एक 'अगंबाई' म्हणाली. आप्पांनी काकूंकडे अशा नजरेने बघितलं, की आता तरी? मी तर भिंतीला टेकलेच. दोनदा! काकूंच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

"पुन्हा."

'शाळा.' बायकांमध्ये कुजबुज. आप्पा गोंधळले. काकू म्हणाल्या, "आता काय, भाऊ? देवीने मत बदललं? पुन्हा काढा." 'शाळा.' पुन्हा. 'घर.' पुन्हा. निरांजनातलं तूप संपत आलं, तांदूळ खाली सांडले, आणि माय काढतच होती. चिठ्ठ्यांचे कागद हाताळून मऊ पडले. आप्पा घामाघूम. प्रत्येक वेळी 'घर' निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा आणि 'शाळा' निघालं की ते घाबरायचे. मी तिथे उभी राहून बघत होते आणि मला एकदम कळलं, की देवी यातलं काहीच म्हणत नाहीये. ताम्हनात नुसतं शून्य पॉइंट पाच आहे. कितीही वेळा हात घाला, तेच निघणार.

मायलाही ते कळलं असावं. तिने एक गोळी उचलली आणि मूठ मिटून घेतली. आप्पांनी हात पुढे केला. तिने दिली नाही.

"दे ना," आप्पा म्हणाले.

"नही." माय म्हणाली. आणि मग आमच्या घरातल्या अहिराणीत, जी ती बाहेरच्यांसमोर कधी बोलायची नाही, सगळ्या गॅलरीदेखत म्हणाली, "आते बस. पोर शाळामा जाई."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. "आणि फाटक?"

"मी सोडी येसू."

"आणि टिक्या?"

"टिक्यास्नं मी देखी लिसू." म्हणजे टिक्यांचं मी बघून घेईन. तिने चिठ्ठी न उघडताच चुलीत टाकली, दुसरीही तांदळातून वेचून टाकली, आणि चहाचं आधण ठेवलं.

आप्पा तसबिरीपुढे तसेच बसून राहिले. मला वाटलं चिडतील. पण त्यांनी दोन्ही हात जोडले आणि त्यांचे खांदे सैल झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना मुळी नाही म्हणायचंच नव्हतं. हो म्हणणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते कधीपासून घरातच, त्यांच्या शेजारी टिक्या लावत बसलेलं होतं. बायका हसत, बोलत पांगल्या. माय मला जवळ घेऊन वगैरे काही बोलली नाही. "दूध आण," म्हणाली.

काकू चहाला थांबल्या नाहीत. टाकी बघायची राहिली होती, तरी जिन्याकडे, खालच्या दिशेने निघाल्या. मी भांडं घेऊन त्यांच्या मागे धावले. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते काय ते सुचत नव्हतं. मग सुचलं तेच विचारलं.

"काकू, प्रत्येक वेळी 'घर'च निघालं असतं तर?"

"तर संध्याकाळपर्यंत काढायला लावलं असतं. उद्याही." त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि कठड्याला धरून थांबल्या. केसांतली पेन्सिल काढली, बघितली, परत खोचली. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"माझ्या वेळी आमच्या घरी चिठ्ठी एकदाच काढली होती," काकू म्हणाल्या.

लूम चालू असते तर मला ते ऐकूच आलं नसतं.